हात कुठे अडतो, ते आधी लिहून काढ

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

दादा, मी तासगावजवळच्या एका गावात राहतो. वय २४. वडिलांची पेटी ऐकत मोठा झालो, गावच्या भजनी मंडळात मीही साथीला बसतो. साठवलेल्या पैशांतून एक ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) आणि माइक घेतला. लॅपटॉप जुना आहे, विंडोज, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. एका मित्राने पेन ड्राइव्हवरून एफएल स्टुडिओ हे गाणी करायचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायचे दीडशेच्या वर प्लगिन (वाद्यांचे, आवाज सुधारण्याचे छोटे प्रोग्रॅम) दिले. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मी स्वतः उतरवून घेतलं. रोज रात्री नवीन फीचर शिकवणारे व्हिडिओ बघतो, पण फोल्डरमध्ये चाळीसेक गाणी अर्धवट पडून आहेत. गेल्या वर्षी रथोत्सवासाठी एका मंडळाचं गाणं अंगावर घेतलं, तेही वेळेत झालं नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात उशिरा ऐकू यायचा, कॉम्प्युटर मधेच अडकायचा, आणि तानपुरा व कीबोर्ड एकत्र वाजले की सुरात कुठेतरी बिनसायचं. काय ते सांगता येत नव्हतं. आता घरचे म्हणतात, नाद सोड, द्राक्षबागेत लक्ष घाल. नवा लॅपटॉप घेऊ, की पुण्याला जाऊन कोर्स करू, की खरंच सोडून देऊ?

उत्तर:

सोडू नकोस. आणि नवा लॅपटॉपही आत्ता घेऊ नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तानपुरा आणि कीबोर्ड एकत्र वाजले की बिनसतं, पण काय ते सांगता येत नाही, असं तू लिहिलंस. हे ज्याच्या कानाला टोचतं त्याच्याकडे या कामाची मुख्य गोष्ट आधीच आहे. सॉफ्टवेअर कुणालाही शिकता येतं, पण हा कान वडिलांच्या पेटीशेजारी बसून तयार होतो. त्या बिनसण्याला नेमकं कारण आहे, आकड्यांत मांडता येईल असं. त्याकडे मी येणार आहे. आधी तुझ्या चाळीस अर्धवट गाण्यांबद्दल.

ती अर्धवट राहिली याचं कारण तुला फीचर कमी माहीत आहेत हे नव्हे. तू शिकतोस ते व्हिडिओ बनवणाऱ्याच्या क्रमाने, आणि तुझं गाणं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. रात्री तू साइडचेन कॉम्प्रेशन शिकतोस आणि दुसऱ्या दिवशी मंडळातले आठ जण समोर बसलेले असताना गायकाच्या हेडफोनमध्ये आवाज कसा पाठवायचा तेच सापडत नाही. म्हणून एक वही कर. काम करताना हात जिथे थांबला, माउस घेऊन मेनूत शोधावं लागलं, एकच क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागली, तिथे एक ओळ लिही. ‘अंतऱ्याची चार टेक झाली, त्यातली चांगली ओळ निवडताना गोंधळ.’ ‘श्वासाचे आवाज एकेक करून कापले, अर्धा तास गेला.’ तेव्हा उत्तर शोधू नकोस, फक्त लिही आणि गाणं पुढे ने. काम संपल्यावर वही उघड आणि जी ओळ सर्वांत जास्त वेळा आली तिचंच उत्तर शोध. व्हिडिओ त्यासाठी बघ. बाकीचे कितीही आकर्षक असोत, त्यांची वेळ अजून आलेली नाही.

याच वहीसाठी रीपरमधली एक गोष्ट आधी शिकून घे. कीबोर्डवर प्रश्नचिन्ह दाबलंस की क्रियांची यादी उघडते. रीपर जे जे करू शकतं ते सगळं तिथे आहे, वर शोधायची चौकट आहे, आणि कुठल्याही क्रियेला तुला हवी ती कळ देता येते. तीन-चार क्रिया एकामागोमाग जोडून त्यांची एक क्रियाही बनवता येते. वहीतल्या बऱ्याच ओळींचं उत्तर याच खिडकीत मिळेल.

आता पेन ड्राइव्हवरच्या मालाबद्दल. तो सगळा काढून टाक. फुकटात आलं म्हणून मी रागावत नाही, पण चोरीच्या प्लगिनबरोबर काय काय कॉम्प्युटरमध्ये शिरतं ते कुणालाच माहीत नसतं. त्यातला एखादा अर्धवट तोडलेला प्लगिन रीपर सुरू होतानाच अडकतो आणि सगळं रीपरच बंद पाडतो. तुझा कॉम्प्युटर अडकण्यामागे हे एक कारण असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय दीडशे प्लगिन समोर असले की प्रत्येक वेळी निवडण्यातच शक्ती जाते. रीपरबरोबर येणारे रीईक्यू, रीकॉम्प, रीडिले, रीगेट, रीट्यून हे साध्या चेहऱ्याचे आहेत, पण काम चोख करतात, आणि भजन, भावगीत, लोकगीत एवढ्यांवर पूर्ण होतं. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. पुढे वैयक्तिक वापराचा आणि छोट्या कमाईच्या व्यवसायाचा परवाना ६० डॉलरला आहे, आजच्या दराने पाच-साडेपाच हजार रुपये. मंडळाकडून पहिलं मानधन येईल त्यातून तो घे.

एफएल स्टुडिओही उत्तम आहे. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम मोफत मिळतात, आणि ताल-पॅटर्न रचायला त्याच्यासारखं सोपं काही नाही. फक्त त्याच्या अधिकृत चाचणी आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही, हे ध्यानात ठेव. तुझं काम मात्र माणसांना समोर बसवून त्यांचं गाणं-वाजवणं टिपण्याचं आहे. त्याला रीपर जास्त सोयीचं, आणि जुन्या कॉम्प्युटरवर ते हलकंही चालतं. पुढची पाच गाणी फक्त रीपरमध्ये कर. दुसरं उघडूच नकोस.

गायकाला आवाज उशिरा ऐकू येतो, त्याचं मूळ बफरमध्ये आहे. कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही, तुकड्या-तुकड्याने घेतो; त्या एका तुकड्याचं माप म्हणजे बफर. ४८,००० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेताना, १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २१.३ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा धरून जवळपास ४३. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे गायकाला स्वतःचाच आवाज चौदा-पंधरा मीटरवरून आल्यासारखा वाटणार. असं कोण गाईल? तोच बफर १२८ वर आणलास की येणं-जाणं मिळून पाच मिलिसेकंदांच्या थोडं वर लागतात, आणि ते शेजारी बसलेल्या पेटीवाल्याच्या अंतराएवढंच आहे. म्हणून रेकॉर्डिंग करताना बफर १२८ आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बेतायला, बसलास की १०२४. ही बदलाबदल प्रत्येक वेळी करायची. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने ने-आण करणारं सॉफ्टवेअर) टाक आणि रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइसमध्ये तोच निवड. १२८ वर कॉम्प्युटर करकरायला लागला तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा खुंटी असते, ती चालू कर. मग गायकाचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये जातो. तेव्हा रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद कर, नाहीतर त्याला एकाला दोन आवाज ऐकू येतील.

कॉम्प्युटर अडकण्याचं आणखी एक मोठं कारण तुझ्या पत्रातच आहे. साधी, फिरती हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कचा आकडा बघ. गाणं चालू असताना तो शंभर टक्क्यांना चिकटलेला दिसला तर दोष प्रोसेसरचा नाही. त्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घे. सांगलीत कुठलाही चांगला लॅपटॉप दुरुस्त करणारा हे काम करून देतो, जुना डेटा नव्या डिस्कवर घेऊनही देतो, आणि नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात भागतं. त्याच बैठकीत रॅमची जागा रिकामी आहे का ते विचार. असेल तर १६ जीबी कर. मग विंडोजमध्ये पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेव, यूएसबीची वीज आपोआप बंद होण्याची सोय काढून टाक, प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर ठेव, आणि रेकॉर्डिंग करताना वायफाय बंद.

रेकॉर्डिंगमध्ये सतत बारीक घूं ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐक. थांबली तर ती घराच्या वायरिंगची, अर्थिंगची गोष्ट आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घूं ५० आणि १०० च्या आसपास असते. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घे. चार्जरची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, ते जिवावरचं आहे.

दुसरा भार प्लगिनचा. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा प्लगिन) लावायची सवय असेल तर ती मोड. एकच रिव्हर्बचा ट्रॅक कर आणि गायक, कोरस, पेटी यांचा थोडा थोडा आवाज सेंडने तिकडे पाठव. मशिन हलकं होतं, आणि सगळे एकाच देवळात बसून गातायत असं ऐकू येतं, हा फायदा त्याहून मोठा. जो ट्रॅक पक्का झाला, विशेषतः व्हर्च्युअल वाद्यांचा, तो फ्रीज कर. रीपर त्याची ऑडिओ बनवून ठेवतं आणि प्लगिनचा भार उतरतो. बदल करावासा वाटला तर अनफ्रीज होतं.

आता तुझ्या कामाला बेतलेला साचा, म्हणजे टेम्प्लेट. यात एक निवांत दुपार घाल, ती पुढच्या प्रत्येक गाण्याला पुरेल. रिकामा प्रोजेक्ट उघड. सॅम्पल रेट ४८,०००, रेकॉर्डिंग २४ बिटवर. २४ बिट यासाठी की आवाजाची पातळी निवांत खाली ठेवता येते. सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि टोकं उणे १० च्या खाली राहिली तरी काही बिघडत नाही. मंडळातला गायक शेवटच्या गजराला किती चढेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा ती जागा मोकळीच हवी. मग ट्रॅक नावांसह लाव: मुख्य गायक, कोरस, पेटी, पखवाज, टाळ, तानपुरा. नाव रेकॉर्डिंगच्या आधीच दे, कारण रीपर ऑडिओ फाइलला ट्रॅकचंच नाव देतं. वर्षभराने फोल्डर उघडशील तेव्हा ‘ट्रॅक १’ अशा दोनशे फाइल बघून काय कळणार? गायकाच्या ट्रॅकवर रीईक्यूमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर आधीच लावून ठेव. पखवाजावर तो लावू नकोस, त्याची धूम तिथेच राहते. रिव्हर्बचा ट्रॅक, त्याला जाणारे सेंड, गायकाच्या हेडफोनचं आउटपुट, सगळं लावलं की प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह कर. पुढच्या वेळी माणसं चहा पीत असतानाच तू तयार असशील.

ऑटोसेव्हची सोय प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टच्या पानावर आहे, दर काही मिनिटांनी जुनी प्रत जपणारी. ती चालू कर. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

गाताना टेक कसे घ्यायचे तेही सांगतो, कारण तुझी बरीच गाणी इथेच अडली असावीत असा माझा अंदाज आहे. मुखड्याचा भाग निवडून लूप चालू कर आणि गायकाला न थांबता चार-पाच वेळा गाऊ दे. रीपर ते सगळे टेक एकाखाली एक ठेवतं, आणि टी दाबून एकेक ऐकता येतो. जिथे ओळ बदलते तिथे एस दाबून तुकडा पाड आणि प्रत्येक ओळीला सर्वांत चांगला टेक निवड. सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, लेनची पद्धत आली आहे. तिच्यात हीच निवड आणखी सोपी होते. पण निवड गायक समोर असतानाच कर. तो गेल्यावर चाळीस टेक घेऊन एकट्याने बसलास की गाणं पुन्हा फोल्डरमध्ये पडून राहील.

क्लिकबद्दल, म्हणजे रेकॉर्डिंग करताना कानात वाजणाऱ्या तालाच्या टिकटिकीबद्दल, माझं मत ठाम आहे. भजनी मंडळाला क्लिक लावू नकोस. अभंग सावकाश सुरू होतो आणि गजराकडे जाताना लय चढते, त्या चढण्यातच त्याचा जीव असतो. टिकटिकीला बांधलंस तर सगळे अचूक वाजवतील आणि कुणालाच ऐकावंसं वाटणार नाही. स्नॅप (तुकडे आपोआप तालाच्या रेघांना चिकटवणारी सोय) बंद कर, मोकळं रेकॉर्ड कर. जे गाणं तू कॉम्प्युटरवर ताल रचून करणार आहेस तिथे मात्र क्लिक हवी. तिथेही मेट्रोनोमच्या टिकटिकीऐवजी ओळखीच्या ढोलकीवाल्याकडून एक-दोन आवर्तनं वाजवून घे आणि ती लूपवर ठेव. आपल्या गायकाला सम कुठे आहे ते ठेक्यातून कळतं, टिकटिकीतून नाही. रूपकात काही करत असशील तर टाइम सिग्नेचर सात मात्रांची ठेव, झपतालाला दहाची, आणि जोर कोणत्या मात्रांवर हवा ते मेट्रोनोमच्या मांडणीत, झपतालाला दोन-तीन-दोन-तीन असं, ठरवून घे. सगळं चारच्या चौकटीत कोंबायचं आणि मग रेघा जुळत नाहीत म्हणून हैराण व्हायचं, हे टाळता येतं.

ढोलकीवाला आलाच आहे तर त्याचे सुटे बोल वेगवेगळ्या जोराने वाजवून रेकॉर्ड करून ठेव. रीपरबरोबर रीसॅम्पलोमॅटिक नावाचं सॅम्पलर येतं. त्यात प्रत्येक बोल एकेका कळीवर बसवलास की तुझ्या गावची ढोलकी तुझ्या कीबोर्डवर वाजते. बाजारात मिळणाऱ्या तयार लूपमध्ये तो आवाज नाही. त्याचे पैसे त्याला दे आणि कशासाठी वापरणार ते आधी सांग.

आता सुराकडे. तुझी पेटी, कीबोर्ड आणि तानपुरा तीन वेगवेगळ्या हिशेबांनी लावलेले असू शकतात. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक शंभर सेंटचा (सेंट म्हणजे दोन सुरांतलं अंतर मोजायचं माप). त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खरजातून, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून, जो गंधार आपोआप उमटतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो ३८६ सेंटवर असतो. फरक १४ सेंटचा. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या कळीचा, सा धर. खरजाच्या तारेची मूळ कंपनं सेकंदाला ६९.३, तिच्यातून उमटणारा गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे ३४६.५. कीबोर्डवर तोच गंधार, पांढरी चार, ३४९.२ वर वाजतो. दोन्ही एकत्र झाले की सेकंदाला जवळपास पावणेतीन वेळा आवाज हेलकावतो. तुला टोचत होतं ते हेच असणार. तुझा कान बरोबर होता.

उपाय साधा आहे. तानपुऱ्यावर पॅड (कीबोर्डचे मागे सलग वाजणारे स्वर) लावताना त्यातून गंधार काढून टाक, फक्त सा आणि प ठेव. कीबोर्डचा पंचम तानपुऱ्याच्या पंचमापासून दोनच सेंट दूर असतो, तो कुणाला कळत नाही. रागात पंचमच नसेल, मालकंसासारखा, तर तानपुराही मध्यमात लागतो आणि पॅडही सा-म ठेवायचा. चालीला पॅडमध्ये गंधार हवाच असेल तर तो स्वर वेगळ्या ट्रॅकवर घे, त्याची ऑडिओ बनव, एफ२ दाबून त्या तुकड्याची पिच उणे ०.१४ कर. मिडीमध्येच (आवाज न बनवता, कीबोर्डच्या कळांच्या नोंदीतच) करायचं असेल तर पिच बेंडचा, म्हणजे सूर वर-खाली ओढण्याचा, पल्ला दोन अर्धस्वरांचा असताना एका बाजूला ८१९२ पायऱ्या असतात, त्यातल्या साधारण ५७३ खाली. मला ऑडिओचा मार्ग जास्त सोपा वाटतो.

पण याच्याही आधी एक गोष्ट तपास. वडिलांची पेटी ४४० च्या हिशेबाला, म्हणजे कीबोर्डच्या ठरलेल्या सुराला, आहे का? जुन्या पेट्या थोड्या चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात, आणि पेटीचे स्वर जागच्या जागी बदलता येत नाहीत. रीट्यून उघडून पेटीचा सा धरून ठेव आणि किती सेंट इकडे-तिकडे आहे ते बघ. मग कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग आणि तानपुरा दोन्ही पेटीला मिळवून घे. हे काम रेकॉर्डिंगच्या आधी पाच मिनिटांत होतं. नंतर ते दुरुस्त करायला रात्री जातात आणि तरी पुरतं जुळत नाही. रीट्यून किंवा तसलं दुसरं काही गायकाच्या आवाजावर आपोआप सूर ओढण्यासाठी मात्र लावू नकोस. मींड आणि आंदोलन यांना ते चूक समजतं आणि सरळ करून टाकतं.

मिरज तुला दूर नाही. एकदा सतारमेकर गल्लीत जा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो मान या गल्लीतल्या हातांचा आहे. एखाद्या कारागिराला विचारून बस आणि घोडीवर जवारी काढताना ऐक. किंचित घासतात, तार छेडतात, पुन्हा घासतात, आणि एका क्षणी तारेचा आवाज उघडतो. ते ऐकल्यावर ईक्यूच्या (आवाजाचा खालचा-वरचा भाग कमी-जास्त करण्याच्या) खुंट्या फिरवताना काय शोधायचं ते तुला वेगळं शिकवावं लागणार नाही. परवानगी असेल तर तुझ्या गायकांच्या पट्टीतला तानपुरा, काळी एक आणि काळी चारचा, पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करून आण. माइक घोडीच्या समोर हातभर अंतरावर ठेव. तो आवाज पुढे कितीतरी गाण्यांखाली चालेल.

मिक्सिंगचं थोडक्यात. तुझं गाणं वाजणार ते मंडळाच्या स्पीकरवर, मोबाइलवर आणि यूट्यूबवर. मिरवणुकीतला कर्णा एकच चॅनेल वाजवतो आणि त्यात खालचा आवाज फारसा येतच नाही. म्हणून मास्टरवर मोनोचं बटण दाबून ऐक. मोनोत गायक किंवा पेटी गायब झाली तर कुठल्यातरी ट्रॅकवर स्टिरिओ रुंद करणारा प्लगिन आहे, तो काढ. यूट्यूब मोठ्या आवाजाचं गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) खाली आणतं, तेव्हा लिमिटरने चेपून चेपून आवाज वाढवण्यात हाती काही लागत नाही. शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेव आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊन सकाळी हलक्या आवाजात पुन्हा ऐक.

गाणं झालं की ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये प्रोजेक्टसाठी वेगळं फोल्डर करायची आणि सगळी ऑडिओ त्यात कॉपी करायची अशा दोन खुणा आहेत, त्या कर. मग ते एक फोल्डर उचलून कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता येतं. त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि ती डिस्क दुसऱ्या घरी. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना ती डिस्क दुसऱ्या घरी का, हे सांगावं लागत नाही.

चाळीस गाण्यांचं काय करायचं? तीन निवड. ज्यात गायकाचा आवाज आधीच चांगला आलाय अशी. बाकीची एका फोल्डरमध्ये हलव आणि त्याकडे बघू नकोस. त्या तीन गाण्यांपैकी पहिलं पूर्ण होईपर्यंत नवं गाणं सुरू करायचं नाही, कितीही सुंदर चाल सुचली तरी. चाल मोबाइलवर गुणगुणून ठेव.

घरच्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. बाग सोडून हे कर असं मी सांगणार नाही. पण दोन्हींचं वेळापत्रक एकमेकांच्या आड येतंच असंही नाही. बागेचा मोठा धबडगा एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीभोवती असतो, गणपतीची गाणी करायची ती जून ते ऑगस्टमध्ये. वडिलांशी हेच बोल. आणि त्यांच्याच पेटीवरचं एक गाणं आधी पूर्ण करून त्यांना ऐकव. चर्चा त्यानंतर कर.

कोर्सचं म्हणशील तर तो वाईट नाही, फक्त आत्ता नको. दोन-तीन गाणी पूर्ण झाल्यावर तुझ्या वहीत अशा काही ओळी उरतील ज्यांचं उत्तर तुला एकट्याला सापडलेलं नसेल. ती वही घेऊन पुण्याला जा आणि फी भरण्याआधी तिथे विचार: समोर जिवंत गायक बसवून मला स्वतःला रेकॉर्ड करायला मिळणार का, एका मशिनवर किती विद्यार्थी बसतात, आणि माझी स्वतःची गाणी आणून त्यांवर काम करता येईल का. यातल्या पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणाले तर तेच पैसे एसएसडी, एक चांगला हेडफोन आणि ढोलकीवाल्याच्या मानधनावर खर्च कर.